एक काडी जास्त

“पंधरा,” तुळसा म्हणाली.

मी तिच्या पाटीशेजारी उकिडवी बसले होते. फळ्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, तीन गुणिले चार, आणि खाली रेघांनी मांडणीही काढली होती. तीन काड्या आडव्या मांडायच्या, त्यांच्यावर चार काड्या उभ्या ठेवायच्या, आणि जिथे जिथे काडीवर काडी येते त्या जागा मोजायच्या. एकोणीस मुलांच्या बारा आल्या होत्या. तुळसाच्या पंधरा.

“अगं, उभ्या चार सांगितल्या होत्या ना मी? या बघ, पाच आहेत.”

“चारच हायत, बाई.”

“मोज बघू.”

तिने बोट ठेवलं. “एक, दोन, तीन.” मग शेवटच्या दोन काड्यांवर दोन बोटं एकदम ठेवून म्हणाली, “चार.”

“ही चौथी. मग ही कुठली?”

“ही बी तीच हाय.”

मी काड्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खोडकरपणा नव्हता. उलट माझीच तिला काळजी वाटत असावी असं दिसत होतं.

“बरं, ही बी तीच. मग जागा मोजताना तू दोन्ही काड्यांवरच्या का मोजल्यास?”

“तिथं दोन हायत की.”

“म्हणजे मांडताना एक आणि मोजताना दोन?”

“व्हय,” ती म्हणाली. एकदाचं बाईंना समजलं म्हणून तिचा जीव भांड्यात पडला होता. मग हात मांडीवर ठेवून तिने विचारलं, “बाई, आता म्होरं?”

“पुढं काय? पुढं काही नाही. उत्तर आलं की झालं.”

तिला ते पटलेलं दिसलं नाही.

याला आता चाळीस वर्षं होत आली. मी कुंदा दिघे, तेव्हा वय बावीस, पुण्याहून डी.एड. होऊन त्या तालुक्याच्या गावी शिक्षिका म्हणून आले होते. तिसरीचा वर्ग मिळाला. पाढे घोकून घेणारे गुरुजी मला जुनाट वाटत. पाढा पाठ होतो, गुणाकार कळत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. काड्यांची पद्धत मी तिथेच शिकले होते आणि ती माझ्याच बापाची इस्टेट असल्यासारखी मिरवत होते. शाळेच्या मागे बुरूड आळी होती. तिथे बांबूकाम करणाऱ्या वर्प्यांना मी काड्या करून देण्याबद्दल विचारलं, तर त्यांनी दोन दिवसांत वीतभर लांबीच्या दोनशे बांबूच्या काड्या तासून दिल्या. शाळेचं काम म्हणून मोबदलाही घेतला नाही. वीस मुलं, प्रत्येकाला दहा. ज्याची मोळी त्याने सुतळीने बांधून आपल्या दप्तरात ठेवायची.

तुळसा त्या वर्प्यांचीच धाकटी मुलगी. तिला शाळेत घालताना ते म्हणाले होते, असं पहिलीच्या बाई सांगत: थोरली बसली कामाला, ही शिकू द्या. त्यांच्या घरातून तिसरीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी.

सोमवारी पंधरा झाले. मंगळवारी मी चार गुणिले पाच दिलं. तिने चोवीस सांगितले.

मी म्हटलं, हिला पाढेच येत नसणार. “तुळसा, चारचा पाढा म्हण.”

ती उभी राहिली आणि घसा ताणून, एका श्वासात, चार दाहे चाळीसपर्यंत पोचली. चार पंचे वीस म्हणताना अडखळलीसुद्धा नाही.

“चार पंचे किती?”

“वीस.”

“मग इथं?”

“इथं चोवीस.”

“असं कसं होईल?”

“मांडलंय की, बाई,” ती म्हणाली. मला दिसत कसं नाही याचं तिला नवल वाटत होतं.

मग मी चिंचोके काढले. पाच-पाच चिंचोक्यांच्या चार रांगा लावायला सांगितल्या. तिने भराभर लावल्या, मोजल्या. वीस. पुन्हा काड्या घ्यायला लावल्या. पुन्हा चोवीस. तोंडी बरोबर, चिंचोक्यांनी बरोबर, काड्यांनी चूक. आणि चूकसुद्धा अशी की आपल्या जागी ठाम. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पुस्तकात अशा मुलीबद्दल काही दिलेलं नव्हतं.

सगळी मुलं मोळ्या बांधायला लागली तरी ती आपल्या मांडणीपुढे बसून होती. “बाई, आता म्होरं?”

“आता म्होरं मधली सुट्टी,” मी वैतागून म्हटलं, आणि माझ्या हाताने तिच्या काड्या गोळा केल्या. तिने एक हात पुढे केला, मग मागे घेतला.

सुट्टीत मी मुख्याध्यापकांकडे गेले. शेटे गुरुजींची नोकरी संपायला दीड वर्ष राहिलं होतं आणि त्यांना जगात कशाचंच कोडं पडत नसे. शुक्रवारी शाळेची तपासणी होती. तपासणीला येणाऱ्या साहेबांना सगळं गाव अजून दिपोटीच म्हणत असे.

“दिघे बाई, तुमच्या काड्या साहेबांना आवडतील,” गुरुजी म्हणाले. “नवीन काहीतरी आहे. पण ते एखाद्या पोराला उठवून विचारणार. तिथं तीन चोक पंधरा झालं, की गेली शाळा बोंबलत.”

“तिला पाढे येतात, गुरुजी. फक्त काड्या आल्या की...”

“येतात ना? मग मुद्दाम करते. एक नासका आंबा आढी नासवतो.”

मुद्दाम करते, हा शब्द माझ्या मनात घर करून बसला. खरं सांगायचं तर मला तो सोयीचा वाटला. न कळण्यापेक्षा राग बरा असतो. रागाला काहीतरी धरून बसता येतं.

बुधवारी मी सोप्यात सोपं दिलं. दोन गुणिले तीन. पहिलीतलं पोरही चुकणार नाही.

“आठ,” तुळसा म्हणाली.

मी ताडकन उठले. तिच्यापुढे दोन आडव्या होत्या आणि उभ्या चार. “सांगितल्या तीन. ही चौथी कुठून आणलीस?”

“आनली न्हाई. हुतीच.”

“हुतीच? तुझी मोळी दाखव इकडे.”

मांडलेल्या सहा आणि दप्तराजवळ पडलेल्या सात. तेरा. मी दोनदा मोजल्या. मी दिलेल्या दहाच होत्या.

“दहाच्या तेरा कशा झाल्या, तुळसा?”

ती समोरच्या काड्या सारख्या करू लागली. मी वळून विचारलं, “कोणाच्या काड्या कमी आहेत?”

शेजारी बसलेल्या विलासने आधी हात वर केला. मग मागच्या रांगेतून एक हात आला, मग आणखी एक. बघता बघता पाच हात वर झाले. तीनच काड्या जास्त होत्या आणि हरवलेल्या पाच होत्या. पण तेव्हा मला एवढं गणित सुचलं नाही. मी कोणाचीही मोळी सोडून पाहिली नाही. गुणाकार शिकवणारी बाई, आणि मी मोजलं नाही.

“दुसऱ्याची वस्तू घेण्याला काय म्हणतात?” मी वर्गाला विचारलं.

“चोरीऽऽ,” वर्ग एका सुरात म्हणाला. पाढा म्हणतात तसं.

मी तुळसाच्या काड्यांतल्या हाताला लागतील त्या तीन उचलल्या आणि पहिल्या तीन हातांत ठेवल्या. तिने अडवलं नाही. रडलीही नाही. नुसती जमिनीवरच्या काड्यांकडे बघत राहिली. त्या दिवशी तिने ‘आता म्होरं’ विचारलं नाही.

शाळा सुटताना मी तिला दारात थांबवलं. “तपासणी होईपर्यंत घरी राहा. साहेब गेले की ये.”

“कवा?”

“सोमवारी ये.”

तिने मान हलवली. एवढ्याशा मानेचा तो होकार मला अजून दिसतो.

गुरुवारी सकाळी प्रार्थना चालू असताना वर्पे फाटकाशी येऊन उभे राहिले. डोक्याला मुंडासं, बोटांवर बांबूच्या चिरांचे जुने-नवे व्रण. प्रार्थना संपेपर्यंत ते आत आले नाहीत. मीच गेले.

“पोरगी म्हनती, बाईंनी चोर म्हनलं.”

“तिच्याकडे तीन काड्या जास्त सापडल्या, वर्पे. कुठून आल्या ते सांगत नाही.”

“बाई,” ते म्हणाले, आणि आवाज अजिबात चढवला नाही, “घरात आमच्या कामट्यांचा ढीग पडलाय. पाय ठेवाया जागा न्हाई. तिला काडी कशापायी चोराय लागंल?”

खरंच, कशापायी? ज्या घरातून काड्या आल्या त्याच घरातली मुलगी शेजारच्या पोराची काडी का उचलेल? मी काहीतरी पुटपुटले. मुलांना सवय लागते, वेळीच आवर घातलेला बरा, असलं काही. बोलताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नव्हता.

“थोरली पाचव्या वर्सापासनं कामाला बसली. हिला तरी चार बुकं येऊ द्यावी म्हनलं हुतं.” त्यांनी मुंडासं सारखं केलं. “राहू द्या आता. चोर म्हनून घ्याया शाळंत कशाला पाठवायची? आपली पाटी बरी आन आपली टोपली बरी.”

ते गेले. त्यांच्या मागे मी फाटकाची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

शुक्रवारी तपासणी झाली. साहेबांनी विलासला उठवलं, त्याने तीन चोक बारा मांडून दाखवले. साहेब खूश. तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांना ही पद्धत दाखवा म्हणाले. शेटे गुरुजींनी माझ्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली. मी हसत होते. एकोणीस मुलांच्या रांगेत एका मुलाएवढी फट होती, ती साहेबांना दिसली नाही. मी मात्र तपासणीभर तिकडेच बघत होते.

शनिवारी सकाळची शाळा. सुटताना मी सगळ्यांच्या मोळ्या गोळा करून घेतल्या. तालुक्याला दाखवायला न्यायच्या म्हणून. तुळसाची मोळी बुधवारपासून माझ्या टेबलाच्या खणात होती. रिकाम्या वर्गात जमिनीवर बसून मी दहा-दहाचे ढीग लावू लागले.

वीस ढीग झाले. तीन काड्या उरल्या.

पुन्हा मोजल्या. दोनशे तीन.

विलासच्या मोळीत अकरा निघाल्या होत्या. मी काडी दिलेल्या बाकीच्या दोघांच्याही अकरा. ज्या दोघांना मी काही दिलं नव्हतं, त्यांच्या दहाच्या दहा शाबूत. कोणाचंच काही हरवलं नव्हतं. चोरी झाली तर वस्तू जागा बदलते, वाढत नाही. इथे वाढल्या होत्या. मी दोनशे काड्या आणल्या आणि पाच दिवसांत त्या व्याल्या, असं म्हणायची पाळी माझ्यावर आली.

मग मी एकेक काडी बोटांत फिरवून पाहिली. एकशे सत्त्याण्णव जाड होत्या. सहा बारीक. त्या सहांची एक बाजू गुळगुळीत, तासलेली, आणि दुसरी बाजू खरखरीत, धागे निघालेली. त्यातल्या दोन मी एकमेकींवर ठेवल्या. जमल्या नाहीत. तिसरी घेतली. ती अशी बसली की मधली रेषसुद्धा दिसेना. दोन मिळून एक अख्खी काडी झाली.

ही बी तीच हाय.

मी तशीच उठले. चपला घालून बुरूड आळीत निघाले. तिने काड्या फाडल्या होत्या, एवढं कळलं होतं. का फाडल्या ते अजून कळत नव्हतं, आणि ते आत्ताच्या आत्ता कळल्याशिवाय मला घरी जाता येणार नव्हतं.

आळीत दुतर्फा दारांपुढे माणसं बसून कामाला लागलेली. ओल्या बांबूचा वास. वर्पे दारातच बसले होते. मागे थोरली मुलगी सूप विणत होती, आणि उंबऱ्याशी तुळसा. मला पाहून ती उठून आत गेली.

वर्प्यांनी मला बसायला पोतं दिलं. त्यांच्यापुढे नव्या टोपलीची सुरुवात मांडलेली होती, आणि ती पाहून मी जागच्या जागी थबकले. चार कामट्या आडव्या. त्यांच्यावर पाच उभ्या. माझा फळाच तिथे जमिनीवर मांडला होता.

“हे काय?” मी विचारलं.

“बूड. टोपलीचं बूड असंच मांडत्यात.” त्यांनी कोयती उचलली, एका उभ्या कामटीच्या टोकाला लावली आणि मधापर्यंत चीर दिली. एका टोकाची दोन टोकं झाली. ती त्यांनी बोटांनी फाकवली.

“ही का फाडली?”

“फाडावीच लागती. कामटीला दोन टोकं. कितीबी कामट्या मांडा, टोकं जोडीतच येनार. आन जोडीवर वीण बसत न्हाई.” त्यांनी बेळ, म्हणजे विणायची बारीक पट्टी, घेतली आणि एका टोकाच्या आतून, पुढच्याच्या बाहेरून असा वेढा देऊन दाखवली. “दुसऱ्या येढ्याला बेळ पुन्यांदा हितं आली, की ती बी आतनंच जाती. तिसऱ्याला बी आतनंच. धरंल कशी? म्हनून येक टोक वाढवायचं. मग पैल्या येढ्याला आतनं, दुसऱ्याला भाईरनं.”

मी हातातल्या दोन बारीक काड्या पुढे केल्या. वर्प्यांनी त्या उन्हात धरून पाहिल्या आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

“हे तुळशीचं काम. तिला अजून मधी थांबता येत न्हाई. टोकापासनं मधापत्तुर चिरायची असती, तिची शेवटापत्तुर जाती. येकाच्या दोन हुत्यात. रोज येक कामटी वाया घालवती.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय करायचं? दुसरी देतो. हात बसस्तोवर जायाचीच.”

मी मान खाली घातली. माझ्याही वर्गात ती रोज एकच काडी फाडत होती. त्याच्यासाठी त्यांनी तिला रोज दुसरी कामटी दिली होती, आणि मी तिला चोर म्हटलं होतं.

“तुळसा,” मी आत हाक मारली. “बाहेर ये गं.”

ती आली, बापाच्या पाठीआड उभी राहिली.

“माझं चुकलं. तू काही चोरलं नव्हतंस. पण काडी फाडलीस हे मला सांगितलं का नाहीस?”

“तुमास्नी म्हाईत असंल असं वाटलं.”

“मला कसं माहीत असणार?”

“तुमीच मांडली हुती की टोपली. फळ्यावर.” ती जरा पुढे सरकली. तीन दिवस जे मनात साठलं होतं ते एकदम बाहेर आलं. “बाई, तुमी रोज बूड मांडता आन रोज मोडता. विणायची कवा?”

मागून तिची बहीण फिसकन हसली. मला हसावं की रडावं ते कळेना. म्हणजे तीन दिवस मी तिच्यामुळे चक्रावले होते, आणि तीन दिवस ती माझ्यामुळे. बाई बूड मांडतात, जागा मोजतात, काहीतरी आकडा म्हणतात आणि सगळं उचलून ठेवतात. शहाणीसुरती बाई, आणि टोपली काही पुरी करत नाही.

“मला शिकव,” मी म्हटलं.

तिने मला एक काडी दिली, टोकाला नख कसं लावायचं ते दाखवलं. मी लावलं. कर्रकन आवाज झाला आणि चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. माझ्या हातात दोन काड्या आल्या.

“बाईंचीबी गेली,” वर्पे म्हणाले, आणि आळीतली दोन-चार माणसंही हसली. तुळसासुद्धा हसली.

“सोमवारी पाठवाल ना?” मी वर्प्यांना विचारलं.

“तिला इचारा. चोर तिला म्हनलं हुतं.”

तुळसा माझ्यासमोर आली. “विणायचं हाय?”

“हो. विणायचं. वर्गात सगळ्यांनी, आणि तू शिकवायचंस.”

“मग येती,” ती म्हणाली.

रविवारभर मी हवेत होते. तिने आधी गुणाकार करून दाखवायचा, मग त्याच काड्यांचं बूड करून टोपली. शेटे गुरुजी काय म्हणतील याची मला फिकीर नव्हती.

सोमवारी ती आली. केस चोपून बसवलेले, बगलेत ओल्या बेळांची गुंडाळी. मी वर्गापुढे दोनशे तीन काड्या मोजल्या, मुलांकडूनही मोजून घेतल्या. विलासला विचारलं तर तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “बाई, मी मोजल्या न्हवत्या. कमी असत्याल असं वाटलं.” मी म्हटलं, मीही मोजल्या नव्हत्या. तुळसाने चोरी केली नव्हती, चूक माझी होती, हे मी स्पष्ट शब्दांत सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं. मुलं असलं पटकन ऐकून घेतात, म्हणून आपल्याला वाटतं की झालं.

“आता तुळसा आपल्याला पुढचं दाखवणार आहे,” मी म्हटलं आणि तिच्यापुढे अख्ख्या काड्या ठेवल्या. “तीन गुणिले चार मांड.”

सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. तिने तीन आडव्या मांडल्या. त्यांच्यावर एक, दोन, तीन उभ्या. चौथी काडी हातात घेतली आणि तिच्या टोकाला अंगठ्याचं नख लावलं.



नख तसंच राहिलं. तिने मान वर करून विलासकडे पाहिलं. मग तिच्या काड्या मिळालेल्या मागच्या त्या दोघांकडे. मग माझ्याकडे. मी हसले, मान हलवली, कर म्हटलं.

मग तिने नख काढलं आणि काडी अख्खीच्या अख्खी इतर तिघींशेजारी सरळ ठेवली. बोटाने एकेक जागा मोजली.

“तीन चोक बारा,” ती म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बेळांची गुंडाळी तिच्या मांडीजवळ तशीच पडून होती.

“आणि आता पुढं, तुळसा?” मी विचारलं. “आता म्होरं?”

“म्होरं काय न्हाई, बाई,” ती म्हणाली, आणि काड्या गोळा करून मोळी बांधायला लागली.